कुर्तुबातले दोन दिवस

स्पेनमधील कोर्दोबा म्हणजे आपल्या इतिहासातले कुर्तुबा. शनिवारी माद्रिदहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत आम्ही सहकुटुंब तिथे पोहोचलो. शहर वसवले रोमनांनी. ग्वादलक्विविर नदीवरचा त्यांचा पूल पुन्हा पुन्हा दुरुस्त होत आजही उभा आहे.

पूल ओलांडताच समोर जामा मशीद. पहिले अब्दुर्रहमान यांनी इ.स. ७८५ च्या सुमारास ती बांधायला घेतली. आत ८५० हून अधिक खांब! जुन्या भागातले कितीतरी खांब रोमन इमारतींतून आणलेले. ते आखूड पडले, म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवली. तीच या मशिदीची ओळख ठरली.

१२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. सोळाव्या शतकात मशिदीच्या मधोमध कॅथेड्रल उभे राहिले. आज इथे नमाज पढता येत नाही. सोनेरी मेहराबीसमोर आम्ही मनातच दुआ मागितली.

रविवारी जवळच्या मदिनतुझ्झहराचे अवशेष पाहिले. तिसरे अब्दुर्रहमान यांनी दहाव्या शतकात उभारलेली ही राजनगरी शंभर वर्षेही टिकली नाही. ती परक्या शत्रूने नव्हे, मुसलमानांच्याच आपसातल्या यादवीने उद्ध्वस्त केली. मुलांना कुर्तुबा दाखवायला नेलेत, तर हेही जरूर सांगा.