महाविद्यालयांतील पहिलें वर्ष

शाळेंत मुलगा चार दिवस आला नाहीं कीं त्याच्या घरीं चौकशी होते. बाई त्याला नांवानें ओळखतात, त्याची वही तपासतात, आणि त्याचें लक्ष उडालें आहे हें त्याच्या आधीं त्यांच्या ध्यानांत येतें. अशा जागत्या नजरेखालीं बारा वर्षें काढलेला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत पाऊल ठेवते, आणि ती नजर एकाएकीं नाहींशी होते. वर्गांत शंभर-सव्वाशे विद्यार्थी बसलेले. हजेरी झाली तर ती क्रमांकानें. प्राध्यापक तासाला येतात, व्याख्यान देतात आणि दुसऱ्या वर्गावर निघून जातात. यांत कोणाची निष्ठुरता नसते. विद्यापीठाची समजूत अशी कीं, येथवर आलेला विद्यार्थी जाणता झाला; त्याला अडलें तर तो विचारील. विद्यार्थ्याची समजूत अशी कीं, आपल्याला अडलें आहे हें कोणाच्या तरी लक्षांत येईल. पहिल्या वर्षीं जे मागें पडतात त्यांतील पुष्कळांची बुद्धि कमी नसते. ते या दोन समजुतींच्या मधल्या खळग्यांत पडलेले असतात.

या देशांतील आधुनिक विद्यापीठांचा जन्मच मुळीं परीक्षेच्या पोटीं झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालें तेव्हां तें स्वतः शिकवीत नसे. महाविद्यालयांनीं तयार केलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, एवढेंच त्याचें काम. १८६२ मध्यें त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. परीक्षेभोवतीं रचलेल्या या व्यवस्थेनें विद्यार्थ्यांना एक संवय लावली: वर्षाचे आठ महिने कसेही जावोत, शेवटचे दोन महिने दिव्याखालीं मान घालून बसलें म्हणजे झालें. वडील पिढींतील कित्येक गृहस्थ आपण अशाच रीतीनें पदवी मिळविली असें मोठ्या कौतुकानें सांगतात, आणि तें खोटेंही नसतें. मात्र तो उपदेश आतां मुलांच्या कामीं येण्यासारखा नाहीं.

कारण वर्ष आतां अखंड राहिलेलें नाहीं. त्याचीं दोन सत्रें झालीं, आणि एका सत्रांत शिकविण्याचे आठवडे सुमारें पंधरा. अभ्यासाचें माप श्रेयांकांत करतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रांतील पंधरा तास. चार श्रेयांकांचा विषय घेतला तर एकूण साठ तास, म्हणजे आठवड्यास चार. आतां हिशेब करून पाहावा. बहुतेक ठिकाणीं शेंकडा ७५ हजेरी लागते. तेव्हां साठांपैकीं पंधरा तासच काय ते बुडवितां येतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळें कित्येकांचे पहिले आठवडे आधींच गेलेले असतात. त्यांत गणपतीसाठीं गांवीं जाणें झालें, एखादा ताप आला, मामाच्या घरचें लग्न निघालें, कीं ही पुंजी संपली. शिवाय गुणांचा एक भाग अंतर्गत मूल्यमापनाचा असतो. चांचण्या, प्रात्यक्षिकांचीं जर्नलें आणि सबमिशनें यांच्या तारखा सत्राच्या पोटांत पसरलेल्या असतात, आणि गेलेली तारीख जागरणानें परत येत नाहीं. वार्षिक परीक्षेच्या काळीं श्रावणांतली चूक माघांत सुधारतां येई. सत्रपद्धतींत श्रावणांतली चूक दिवाळीपूर्वींच पदरांत पडते. म्हणून अडल्यास विचारावें एवढें सांगून भागत नाहीं. तें तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत विचारावें लागतें.

मग मुलें विचारीत कां नाहींत? आळस हें कारण सोयीचें आहे, पण खरें कारण बहुधा लाज असतें, आणि त्या लाजेचा मोठा भाग भाषेचा असतो. मराठी माध्यमांतून आलेली, वाणिज्य शाखेंतील विद्यार्थिनी घ्या. नफातोटा-खातें तिला चोख मांडतां येतें, ताळेबंद दोन्ही बाजूंनीं जुळवितां येतो. वर्गांत मात्र बॅलन्स-शीट, लायेबिलिटी, डेप्रिसिएशन असे शब्द भराभर कानांवर येतात, आणि ज्या गोष्टी तिला येतात त्याच आपल्याला येत नाहींत अशी तिची खात्री होऊन बसते. विज्ञानाच्या वर्गांत जडत्व आणि संवेग चांगले समजलेला मुलगा इनर्शिया आणि मोमेंटम यांच्यापुढें असाच गप्प होतो. शेजारीं बसलेला, इंग्रजी सफाईनें बोलणारा विद्यार्थी त्याला बृहस्पति वाटतो. वस्तुतः त्या विद्यार्थ्यालाही संवेग म्हणजे काय हें पुष्कळदां नीटसें सांगतां येत नाहीं. विषय न समजणें आणि विषयाचें नांव न समजणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा इलाज सोपा आहे. वहीचीं शेवटचीं दहा पानें राखून ठेवावींत. एका बाजूस वर्गांत आलेला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूस ओळखीचा मराठी शब्द, रोज पांच-सात. जो धडा उद्यां व्हावयाचा तो आदल्या रात्रीं मराठींतून, जुन्या शालेय पुस्तकांतून कां होईना, एकदां डोळ्यांखालून घालावा. दीड-दोन महिन्यांत व्याख्यान ऐकतां ऐकतां मनांत चाललेलें भाषांतर थांबूं लागतें. मराठी पुस्तक वसतिगृहांतील खोलींत उघडण्यास मुलें लाजतात, ही यांतली सर्वांत खेदाची गोष्ट.

प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. "सर, मला कांहींच समजलें नाहीं" या वाक्याला कोणताही प्राध्यापक उपयोगी उत्तर देऊं शकत नाहीं. "फळ्यावरील तिसऱ्या ओळीपर्यंत समजलें, चौथी कशी आली हें समजलें नाहीं" या वाक्याला दोन मिनिटांत उत्तर मिळतें. भर वर्गांत धीर होत नसेल तर तास संपल्यावर दाराशीं विचारावें, किंवा प्राध्यापकांच्या खोलींत जावें. तेथें जाण्यास मनाई असते ही केवळ समजूत आहे. फार थोडे विद्यार्थी जातात, त्यामुळें जो जातो त्याचें नांव मात्र लक्षांत राहतें.

न विचारण्यानें केवढी हानि होऊं शकते याचें उदाहरण सामान्य बुद्धीच्या माणसाचें घेण्याचें कारण नाहीं. श्रीनिवास रामानुजन १९०४ मध्यें शिष्यवृत्ति मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयांत दाखल झाले. गणितापुढें त्यांना दुसरा विषय सुचेना; इंग्रजींत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ति गेली. १९०५ मध्यें हा सतरा वर्षांचा मुलगा घरीं न सांगतां विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढें मद्रासेंतील पच्चय्यप्पा महाविद्यालयांत जाऊनही एफ. ए. ची परीक्षा त्यांना उतरली नाहीं. जगाला ते माहीत झाले ते १९१३ मध्यें त्यांनीं केंब्रिजच्या हार्डींना स्वतः पत्र लिहिल्यानंतर. आणि त्यापूर्वीं तेथीलच दोघां गणितज्ञांना लिहिलेलीं पत्रें निष्फळ ठरलीं होतीं. महाविद्यालयानें या विद्यार्थ्याची कदर केली नाहीं असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तें बरेंचसें खरें आहे. पण पहिल्यानें मौन धरून घर सोडणारा मुलगा आणि दोनदां निराश होऊन तिसरें पत्र लिहिणारा तरुण यांच्यांतला फरकही पाहण्याजोगा आहे.

याच्या उलट, पहिलें वर्ष बुडविण्याच्या समर्थनार्थ विद्यार्थ्यांच्या कट्ट्यावर लोकमान्य टिळकांचें नांव हमखास निघतें. १८७३ मध्यें डेक्कन कॉलेजांत दाखल झाल्यावर टिळकांनीं पहिलें वर्ष बहुतांशीं तालमीला दिलें, त्या वर्षीं परीक्षेंत अपयश घेतलें, आणि पुढें पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, हें त्यांच्या चरित्रांत आढळतें. दाखला खरा आहे. मात्र टिळकांनीं ठरवून तब्येत कमावली; दाखला देणारे दंड-बैठका काढतांना सहसा दिसत नाहींत. आरोग्याचा मुद्दा त्यांतून तेवढा घ्यावा. मेसचा डबा बेचव म्हणून रात्रीं वडापाव किंवा नूडल्सवर भागविणें, दोन वाजतां निजणें आणि सकाळचा पहिला तास बुडविणें हें पहिल्या सत्राचें नेहमींचें चित्र आहे. अभ्यास बिघडण्याची सुरुवात पुष्कळदां पुस्तकांत नसून या झोपेंत असते.

राहण्या-जेवण्याचा प्रश्न निघाला म्हणून एक जुनी चाल आठवते. पुण्यास शिकावयास आलेले गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवीत; सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. या चालींत मिंधेपणा होता, जातीची मर्यादा तर उघडच होती, आणि ती गेली याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं. तरी बुधवारचा मुलगा पाटावर दिसला नाहीं तर निदान एका घरांत तें लक्षांत येई. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभीं करविलीं आणि ज्यांना वारही मिळत नव्हते त्यांच्या शिक्षणाची सोय केली. भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेनें कमवा आणि शिका ही रीत रूढ केली. पुण्यांत १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिति ग्रामीण भागांतील गरजूंना आसरा देत आली आहे. म्हणजे मदतीचे हात आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाकडे अर्ज करून जावें लागतें, आणि अर्जास मुदत असते. शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें यांपैकीं एक कागद गांवीं राहिला कीं तहसील कचेरीचे खेटे सुरू होतात. हे कागद गांव सोडण्यापूर्वींच, दोन-दोन प्रतींसह, पिशवींत असावेत.

छळाबद्दल मात्र संकोचाला जागाच नाहीं. वरच्या वर्गांतील मुलांनीं नवागतांची मानहानि करणें, ज्याला रॅगिंग म्हणतात, तो महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें गुन्हा आहे व त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. २००९ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें देशभर नियम लागू केले. तक्रारीसाठीं १८००-१८०-५५२२ हा दूरध्वनि रात्रंदिवस चालतो. "थट्टाच तर होती" हें उत्तर छळणाऱ्यानें द्यावयाचें असतें. सोसणाऱ्यानें तें स्वतःला समजावूं नये.

आणि मनाचें दुखणें. २०२२ या एका वर्षांत देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्वांत मोठा होता. या आंकड्यामागें एकच कारण नसतें. पण जेवण तुटणें, झोप उडणें, खोलीबाहेर न पडणें, घरच्या दूरध्वनीला "सगळें ठीक आहे" एवढेंच उत्तर देणें, हीं चिन्हें खोलींतील सोबत्याला दिसतात. रेक्टरांना सांगणें ही चहाडी नव्हे. १४४१६ या क्रमांकावर सरकारी टेली-मानस सेवेचा सल्ला मराठींतूनही मिळतो, फुकट आणि कोणत्याही वेळीं.

राहिला घरच्या मंडळींचा भाग. आठवड्यास दोनदां दूरध्वनि होतो, वडील विचारतात, "अभ्यास कसा चाललाय?" मुलगा म्हणतो, "बरा." आई विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." या संभाषणांत खोटें कोणी बोलत नाहीं आणि खरें कोणाला कळत नाहीं. त्याऐवजीं, "या आठवड्यांत कोणता तास डोक्यावरून गेला? मग कोणाला विचारलेंस?" असें विचारून पाहावें. प्रथम मुलगा चांचरतो. पण डोक्यावरून तास जाणें ही घरांत बोलण्याजोगी गोष्ट आहे हें एकदां त्याला उमगलें कीं पुढचें तो आपण होऊन सांगूं लागतो. शेजारच्या मुलाचे गुण या बोलण्यांत आणूं नयेत. ते आले कीं पुढच्या खेपेपासून पुन्हां "बरा" सुरू होतें.

पहिल्या सत्राचा निकाल लागला कीं कांहीं घरांत सुतक येतें. एखादा विषय राहिला तरी नियमांत बसत असल्यास पुढच्या वर्गांत जातां येतें. विद्यार्थी त्यालाच एटीकेटी म्हणतात, आणि त्याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे निराळे असल्यामुळें ते कट्ट्यावर न ऐकतां कचेरींत वाचावेत. शाखाच चुकली असें वाटत असेल तर तोही विषय याच वेळीं काढावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नांवें साठवून ठेवण्याची सोय झाली आहे, आणि ठरलेले श्रेयांक व थोडें व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची व पुढें परत येण्याची वाटही ठेवलेली आहे. ही वाट कोणत्या अभ्यासक्रमाला कितपत लागू आहे, कोणते श्रेयांक दुसरीकडे धरले जातात, हें सत्र संपण्यापूर्वीं महाविद्यालयाच्या कचेरींत लेखी विचारून घ्यावें. तोंडी उत्तर खिडकीवरचा माणूस बदलला कीं बदलतें.