सही करण्यापूर्वीचा कायदा
कायद्याने सुटणारी अडचण सामान्य माणसाला कायद्याची म्हणून दिसतेच असे नाही. ती नशीब, नाते किंवा गावची रीत म्हणून समोर येते. फेल्स्टिनर, एबल आणि सारात या अभ्यासकांनी १९८०-८१ मध्ये वादाच्या जन्माचे तीन टप्पे मांडले : अन्यायाची जाणीव होणे, त्याचा दोष कोणावर तरी ठेवणे आणि त्याच्याकडे दाद मागणे.

महाराष्ट्रात वडिलांच्या पश्चात भाऊ हक्कसोडपत्र, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, पुढे करतो, तेव्हा वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील २००५ ची दुरुस्ती ठाऊक असूनही, माहेर तुटू नये म्हणून बहीण दुय्यम निबंधकासमोर अंगठा उमटवते. तिच्या गप्प राहण्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे; ती दुसऱ्या टप्प्यावर अडते, कारण तेथे सख्ख्या भावाला दोषी धरावे लागते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, तालुका पातळीवरही मोफत वकील मागता येतो. परंतु सहीपूर्वी तिला भेटणारा जाणकार बहुधा दस्तलेखकच असतो, आणि त्याची फी भावाने दिलेली असते.