मनातली काळजी, अंगातलं दुखणं

हप्त्याची तारीख जवळ आली की आपल्यापैकी कितीजणींचं डोकं ठणकतं, पोटात कालवतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, "हिची नाटकं!" पण हे दुखणं खरंच असतं.

काळजी वाटली, राग आला की शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं रक्तात सोडतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, साखर वाढते, मान आखडते. साप दिसला तर पळायला ही तयारी कामी येते. साप गेला की शरीरही निवतं. हप्त्याची काळजी मात्र महिनाभर घरात मुक्काम करते, आणि शरीर तेवढे दिवस ताणलेलंच राहतं.

म्हणून नुसती गोळी गिळून गप्प बसायचं नाही. गटाच्या बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं एकमेकींचं ऐकू या. पण सगळंच मनावर ढकलायला नको. उपकेंद्रात बीपी, साखर तपासून घेऊ या. छातीत दुखलं, धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठू या. मन फारच खचलं तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

ताप आला तर आपण सांगतोच ना? मग मनाचं सांगायला लाज कसली!