रिले उभारणं सोपं, सांभाळणं निराळं

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड बाजारात, एखाद्या दुकानाच्या माडीवर, विकेंद्रित सोशल नेटवर्कचा रिले चालू शकतो का? विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला: त्याला डेटा सेंटर लागतं, लाखांचा खर्च असतो. लागत नाही. नॉस्टर या नेटवर्कचा रिले, म्हणजे नोंदी घेऊन साठवणारा आणि पुढे देणारा सर्व्हर, एक जीबी मेमरीच्या लहानशा व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर सहज चालतो.

हिशोब करून बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे दोनशे चिन्हांची मराठी नोंद सहाशे बाइटची. तिच्यासोबत लेखकाची सार्वजनिक किल्ली, नोंदीचा आयडी आणि सही मिळून २५६ अक्षरं. तारीख-प्रकार धरून झाला साधारण एक केबी. अशा एक लाख नोंदी शंभर एमबीच्या आसपास बसतात. फोटो आणि व्हिडिओ रिलेवर नसतातच. ते दुसऱ्या सर्व्हरवर असतात, नोंदीत फक्त त्यांचा दुवा.

"रिले बंद पडला की खातं गेलं" हा समज मास्टोडॉन या दुसऱ्या विकेंद्रित नेटवर्कवरून आला असावा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा बरेच भारतीय मास्टोडॉनकडे वळले. तिथे खातं सर्व्हरला बांधलेलं असतं. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या नोंदी मागेच राहतात. नॉस्टरची घडण वेगळी आहे. फियाटजाफ या टोपणनावाच्या प्रोग्रामरने २०२० मध्ये ते मांडलं तेव्हापासून खातं म्हणजे सार्वजनिक आणि खासगी किल्ल्यांची जोडी, बाकी काही नाही. एकच नोंद तीन-चार रिलेंवर जाते. गांधीबागचा व्यापारी एका मालाची बिल्टी एकाच ट्रान्सपोर्टकडे देतो, इथे मात्र सहीशिक्क्याची तीच बिल्टी चौघांकडे देता येते. रिलेवाला ती नाकारू शकतो, फाडू शकतो, पण बदलू शकत नाही. मजकुरातली एक मात्रा हलली तरी आयडी जुळत नाही आणि समोरचं ॲप नोंद फेटाळतं. खासगी किल्ली हरवली तर मात्र कुणाचाही रिले ती परत देऊ शकत नाही. पासवर्ड विसरल्याचं बटण इथे नाही.

नावाच्या सारखेपणाने आणखी घोळ होतो. मास्टोडॉनच्या जगातला रिले सर्व्हरांमध्ये सार्वजनिक नोंदी पुढे ढकलतो, तर ब्लूस्काय या तिसऱ्या नेटवर्कचा रिले सगळ्या खात्यांच्या घडामोडी गोळा करून एकच प्रवाह सोडतो. तिन्ही कामं वेगळी, म्हणून एकाचं मार्गदर्शन दुसऱ्याला लावू नका.

नॉस्टरला कुठलंही नाणं लागत नाही, ब्लॉकचेनही नाही. बिटकॉइनच्याच गणिती वक्रावर सही होते, एवढंच नातं. रिलेच्या नावाखाली कुणी टोकन विकायला आला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

"माझा सर्व्हर, म्हणजे सगळं गुप्त" हा समज सर्वांत महागात पडतो. साध्या नोंदी उघड असतात आणि कुणीही उतरवून घेऊ शकतो. 'डिलीट' ही इथे फक्त विनंती आहे. तुमचा रिले ती मानेल, दुसरा मानेलच असं नाही. त्यात सर्व्हर घरी असेल तर डोमेनवरून घरचा आयपी पत्ता जगाला दिसतो.

घरी ठेवायचाच असेल तर आधी राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरचा माणूस आत येत नाही. मग पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायचा, नाहीतर सरळ व्हीपीएस. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या माडीवर, बंद कपाटात, इन्व्हर्टरविना ठेवलेलं यंत्र किती टिकेल हे वेगळं सांगायला नको. माझं मत व्हीपीएसच्या बाजूने. त्यावर स्ट्रफ्राय किंवा नॉस्टर-आरएस-रिले हे रिलेचं सॉफ्टवेअर चढवा, पुढे कॅडी हा वेब सर्व्हर बसवा. टीएलएस प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि नवंही करतो.

आता कायद्याचं. "विकेंद्रित आहे, म्हणजे जबाबदार कुणीच नाही" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये मध्यस्थाची व्याख्या लांबरुंद आहे: दुसऱ्याच्या वतीने इलेक्ट्रॉनिक नोंद घेणारा, साठवणारा किंवा पुढे पाठवणारा. रिले नेमकं हेच करतो. कलम ७९ चं संरक्षण काळजी घेणाऱ्यालाच मिळतं. २०२१ च्या नियमांतली ५० लाख वापरकर्त्यांची मर्यादा मोठ्या कंपन्यांच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी आहे. लहान असल्याने तुम्ही नियमांबाहेर जात नाही. न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला तर मजकूर काढायचा कसा, हे आधीच शिकून ठेवा.

उघडा रिले जाहिरातींच्या कचऱ्याने भरायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून लिहिण्याची परवानगी ओळखीच्या किल्ल्यांपुरती ठेवा, वाचायला मात्र सगळ्यांना मोकळीक द्या. रिलेच्या माहितीपानावर संपर्काचा ईमेल टाका आणि त्यावर आलेली तक्रार त्याच दिवशी वाचा. एवढं जमणार नसेल तर दुसऱ्याचा चांगला रिले वापरा, त्यात काही कमीपणा नाही.