लाइक आणि गिऱ्हाईक

'सोशल मीडिया' आणि 'ऑनलाइन मार्केटिंग' हे दोन शब्द आपल्या कॉलेजात कट्ट्यापासून स्टाफरूमपर्यंत सर्वांच्या तोंडी असतात. परंतु पहिल्याच्या पोटात दुसरा कसा दडून बसलेला असतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गेली दोन वर्षे मी वसई-विरार परिसराविषयी इन्स्टाग्रामवर मराठीतून एक लहानसे पान चालवते. आगाशीचा बाजार, अर्नाळ्याचा किनारा, वसईच्या किल्ल्यातील पडकी चर्चे, पावसाळ्यात तुंबलेले रस्ते, कुठे काय चांगले खायला मिळते, असे त्याचे विषय. हा लेख लिहिताना पानाला नऊ हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत. ('फॉलोअर'ला मराठीत 'अनुयायी' म्हटले की आपण एखादा पंथ काढल्यासारखे वाटते, म्हणून इंग्रजी शब्दच बरा.) ह्या उद्योगात रोज जे दिसते, ते मित्रमैत्रिणींना आणि ज्यांना ह्याची सवय नाही अशा प्राध्यापकांनाही उलगडून सांगावे, एवढाच लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या बाजाराचा मालक पाहू. फेसबुक २००४ साली निघाले, इन्स्टाग्राम २०१० साली. २०१२ मध्ये फेसबुकने १ अब्ज डॉलरला इन्स्टाग्राम घेण्याचे ठरवले आणि २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर करून व्हॉट्सॲपही घेतले. म्हणजे आपण तीन दुकानांत जातो असे वाटते, पण गल्ला एकच आहे. ह्या कंपनीचे आजचे नाव मेटा. २०२३ साली तिला सुमारे १३५ अब्ज डॉलर उत्पन्न झाले आणि त्यातले सुमारे १३२ अब्ज एकट्या जाहिरातींचे होते. आपण ही ॲप फुकट वापरतो, मग पैसे येतात कुठून, ह्याचे उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. पैसे जाहिरातदार देतो, आणि त्याला विकले जाते ते आपले लक्ष.

आपल्या भागात हे सारे घरोघर पोचले ते २०१६ नंतर. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. त्याच वर्षी यूपीआयही सुरू झाले. मी तेव्हा पाचवीत होते. भाजीवालीच्या टोपलीला चौकटीचे चित्र टांगलेले दिसू लागले ते त्यापुढे.

आता त्या लक्षाची मोजदाद कशी होते ते पाहू. २०१६ पर्यंत इन्स्टाग्रामवर जे नंतर टाकले ते वर दिसे. साधा वेळेचा क्रम होता. त्या वर्षी कंपनीने क्रम बदलला आणि कोणाला काय आधी दाखवायचे ते यंत्र ठरवू लागले. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२१ साली ह्याचे जाहीर स्पष्टीकरण दिले आहे. हा मनुष्य ह्या चित्रावर काही सेकंद थांबेल का, त्याखाली काही लिहील का, लाइक करील का, ते जपून ठेवील का, टाकणाऱ्याच्या नावावर बोट ठेवील का, असे अंदाज यंत्र बांधते आणि त्यावरून क्रम लावते. ह्या यादीत 'हा मनुष्य ती वस्तू विकत घेईल का' हा प्रश्न नाही. यंत्राला आपण थांबायला हवे असतो. जाहिरातीचे पैसे न भरणाऱ्याची वस्तू खपली काय आणि न खपली काय, त्याला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही 'इच्छा' आणि 'मागणी' ह्यांतला फरक शिकलो. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेबरोबर खरेदीची ऐपत आणि पैसे मोजण्याची तयारी असेल तरच तिला मागणी म्हणायचे. परीक्षेत हे मी तीन गुणांसाठी पाठ केले होते. ते खरोखर समजले ते सुकेळ्यांमुळे.

सुकेळी म्हणजे काय ते वसईकरांना सांगायला नको, पण आपल्या कॉलेजात आता पुष्कळ विद्यार्थी बाहेरून येऊन येथे राहिलेल्या कुटुंबांतले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवतात. ती तांबूस-काळपट होतात, आकसतात आणि त्यांची गोडी घट्ट होते. मग केळीच्याच वाळलेल्या पानांत ती बांधतात. ना साखर, ना रंग. ऊन मात्र कडक लागते, म्हणून पावसाळ्यात हे काम बंद. आगाशीच्या एक काकू ती घरी करतात. त्यांच्या अंगणातले मी एक रील केले: सोललेली केळी, त्यांवर पडलेले ऊन, काकूंची बोटे. चाळीस हजारांवर लोकांनी ते पाहिले. दीड हजारांवर लाइक आले. "किती सुंदर", "लहानपण आठवले", "आमच्या आजीकडे असायची" असे शेरे आले. नागपूर, बेळगाव, दुबईहूनही आले. काकूंना मी आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "बाय, एवढ्या लोकांना पुरेल एवढी केळी कुठून आणू?"

केळी पुरली. त्या रीलवरून सहा जणांनी खरेदी केली.

त्याच आठवड्यात मी काकूंच्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक साधा फोटो ठेवला. स्टेटस चोवीस तासच राहते. फोटोखाली लिहिले: वजन, भाव, कधी केली, कुठे मिळतील. त्यांच्या फोनमध्ये नंबर तरी किती? शे-दोनशे. बहिणी, जावा, वाडीतले लोक, एका शाळेच्या निवृत्त बाई, बाजारातल्या ओळखी. दोन दिवसांत एकतीस पुडकी गेली. काकूंनी ह्याला मार्केटिंग म्हटले नसते. त्यांच्या लेखी ते 'सांगणे' होते.

हा फरक कशाने पडला, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण उघड आहे: नागपूरच्या मनुष्याला पुडके पाठवायचा खर्च पुडक्याच्या भावाला येऊन भिडतो. पण बोरिवलीच्या माणसानेही घेतले नाही. मला वाटते, रील पाहणाऱ्याने सुकेळी पाहिली, आणि स्टेटस पाहणाऱ्याने काकूंना पाहिले. पुडके खराब निघाले तर कोणाच्या दारात जाऊन बोलायचे, हे त्या दोनशे जणांना ठाऊक होते. व्हॉट्सॲपच्या रचनेतही हीच ओळख गृहीत धरलेली आहे. त्याच्या 'ब्रॉडकास्ट' यादीत एका वेळी २५६ नावे घालता येतात. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला असेल, त्यालाच तो निरोप पोचतो. आठवडी बाजारातल्या उधारीचा नियम ह्याहून फार वेगळा नसतो.

पैसे भरून जास्त लोकांपर्यंत पोचण्याची सोयही आहे, तिला 'बूस्ट' म्हणतात. तिचा हिशेब लिलावाचा आहे. तुमच्या फोनवर एक जागा रिकामी होते आणि त्या क्षणी अनेक जाहिरातदारांत तिच्यासाठी लिलाव होतो. मासळीच्या लिलावात बोली मोठ्याने होते आणि शेजारी उभे राहून ती ऐकता येते; इथे दुसऱ्याची बोली ऐकू येत नाही. शिवाय जास्त बोलीवालाच जिंकतो असेही नाही. बघणारा त्या जाहिरातीवर बोट ठेवील याची शक्यता किती आणि जाहिरात कितपत बरी आहे, हेही यंत्र त्या बोलीत मिळवते. मी हे काकूंना समजावून दिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एका पुडक्यामागे मला सुटतात किती आणि ह्यांना द्यायचे किती?" हिशेब केला. बूस्ट राहिले.

इथवर विषय सुकेळ्यांचा होता. न खपली तर फार तर घरी खाल्ली जातात. पण पानाला पाच हजार फॉलोअर झाल्यापासून मला वेगळेच निरोप येऊ लागले. केसांचे तेल, कोचिंग क्लास, मोबाइलची कव्हरे, एक ज्योतिषीही. "आमच्याबद्दल चांगले बोला, इतके देऊ." आणि बहुतेकांची एक अट: जाहिरात आहे असे लिहायचे नाही. तुम्हाला मनापासून आवडले म्हणून सांगता आहात, असे वाटले पाहिजे.

ही अट कायद्यात बसत नाही, हे अनेक पानवाल्यांना माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जाहिरातदारांचीच स्वनियमन करणारी एक संस्था मुंबईत १९८५ पासून आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. तिने २०२१ साली समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी नियम केले. त्यानंतर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतले असेल तर ते स्पष्ट, ठळक आणि ज्या भाषेत बोललात त्याच भाषेत सांगायचे. म्हणजे मराठीत स्तुती करून कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत खूण करणे चालायचे नाही. मागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत शिफारसबंदी होऊ शकते. शिफारस करण्यापूर्वी त्याने स्वतः खातरजमा केली असेल, तर त्याचा बचाव होतो.

छापील अंकात ही अडचण नसते. ह्याच वार्षिकांकाच्या शेवटी सराफांच्या आणि झेरॉक्सवाल्यांच्या शुभेच्छा चौकटीत असतात. त्या आमच्या प्राचार्यांचे मत आहे असे कोणी समजत नाही. रीलमध्ये चौकटच नसते. बोलणारा चेहरा तोच, आवाज तोच, मागचा किल्लाही तोच.

गेल्या वर्षी मला एका घरांच्या दलालाचा निरोप आला. नालासोपारा पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, वीस लाखांच्या आत घर. एका रीलचे सहा हजार रुपये. माझी वर्षाची फी आणि पुस्तके मिळूनही एवढे होत नाहीत. मी महारेराचा नोंदणी क्रमांक विचारला. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन आणि आठांहून अधिक घरे असलेल्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते, जाहिरातीत तो क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही छापावा लागतो. फोनने तो टिपला की प्रकल्पाची माहिती समोर येते. दलालाने आधी "ते काम चालू आहे" असे लिहिले, आणि नंतर, "ताई, तुम्ही रील करता की वकिली?"

वसई-विरारमध्ये हा प्रश्न वकिलीचा नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या; ते काम २०२५ च्या सुरुवातीस पुरे झाले. जमीन मलनिःसारण प्रकल्प आणि कचराभूमी ह्यांसाठी राखीव होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जण मृत्यू पावले; तीही इमारत अनधिकृत होती. त्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा आपल्याकडे रील नव्हते. ते आले जुलै २०२० मध्ये, टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आल्यानंतर. तेव्हा घर घेणारा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घर घेत असे. आता तो ओळखीचा माणूस होण्याची विनंती माझ्यासारख्यांना होते, आणि त्याचे सहा हजार मिळतात. एकतीस पुडकी ज्या विश्वासावर गेली, तोच विश्वास इथे मागितला जात होता.

मी नकार दिला त्यानंतर महिन्याभराने बाबांनी मला त्यांचा फोन दाखवला. रिक्षा स्टँडवरच्या कोणीतरी त्यांना एक रील पाठवले होते. घर तेच, दलाल तोच, बोलणारा मुलगा दुसऱ्या पानाचा. आम्ही बारा वर्षे भाड्याच्या खोलीत आहोत. बाबा म्हणाले, "मुलगा चांगल्या घरातला दिसतो. तुझ्यासारखाच वसईवर करतो. खोटं कशाला बोलेल?" आमच्या घरात कागद वाचणारी मी पहिलीच, त्यामुळे मी वाचून दाखवले की वाचण्यासारखा कागदच तिथे नाही: क्रमांक नाही, कोड नाही, 'जाहिरात' हा शब्दही नाही. त्यांना ते पटले की नुसते ऐकून घेतले, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि रिक्षा घेऊन गेले.

ते रील अजून आहे. लाखाहून अधिक लोकांनी ते पाहिले आहे. खाली साडेतीनशे शेरे आहेत; बहुतेक "किंमत किती", "लोन होईल का" असे आणि काही हृदयाची चित्रे. त्यांतल्या एकाने महारेरा क्रमांक विचारला आहे. त्याला कोणी उत्तर दिलेले नाही, आणि त्याच्या प्रश्नाला दोन लाइक आहेत. त्यातला एक माझा.