थंडीच्या चार महिन्यांत केळीची राखण

दिवाळी आटोपली, गहू-हरभऱ्याच्या पेरण्या झाल्या की खानदेशातला शेतकरी जरा मोकळा श्वास घेतो. रब्बीला थंडी मानवते. गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभरा डोलू लागतो. पण रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि धुळे जिल्ह्यात तापीकाठच्या शिरपूर तालुक्यात ज्याच्या शेतात केळी उभी आहे, त्याची झोप मात्र याच दिवसांत उडते. सातपुड्याकडून गार वारा सुटला की त्याच्या मनात पाल चुकचुकते.

केळी हे मुळात उष्ण आणि दमट प्रदेशातले झाड. आपण ते येथे आणले, पाणी दिले, माया केली आणि त्याने आपल्याला भरभरून दिले. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु झाडाचा स्वभाव काही बदलला नाही. पारा 16 अंशांच्या खाली जाऊ लागला की नवी पाने येण्याचा वेग मंदावतो आणि 10-11 अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. जळगाव-धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत अशा रात्री येतातच, काही वर्षी तर पारा याहूनही बराच खाली उतरतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. त्या वेळी मी यावल तालुक्यात होतो. जानेवारीत एका शेतकऱ्याने बोलावले म्हणून गेलो. मृगबागेची लागण, झाडे पुरुषभर उंच, पण पाने पिवळी पडलेली आणि कडा करपलेल्या. आपल्याकडे याला 'चरका बसला' म्हणतात. मी पदवी घेऊन नुकताच आलेलो. पिवळेपणा पाहिला आणि नत्र कमी पडले असे समजून युरियाचा जादा हप्ता द्यायला सांगितले. आबांनी उसनवार करून खत आणले. फेब्रुवारी अखेर घड निसवू लागले तेव्हा बागेत गेलो आणि मान खाली गेली. कित्येक झाडांचे घड घशातच अडकलेले, जे बाहेर आले त्यांना फण्या थोड्या आणि केळी बोटभर. व्यापाऱ्याने बराच माल वापसीच्या भावात मागितला. त्याच वर्षी घरात मुलीचे लग्न ठरलेले होते. आबा एक शब्द बोलले नाहीत. आजी मात्र म्हणाल्या, "भाऊ, थंडीने अंग आखडलेल्या माणसाला ताट वाढून काय उपयोग? आधी त्याला ऊब नको का?"

शेतकीच्या पुस्तकात जे मला नीट उमगले नव्हते ते आजींनी एका वाक्यात सांगितले. जमीन गार पडली की केळीची मुळे अन्न उचलत नाहीत. टाकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून गेला आणि आबांचे पैसेही गेले.

या गोष्टीतली मेख आणखी पुढे आहे. घड बाहेर दिसतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण तो तयार होऊ लागतो त्याच्या दोन-तीन महिने आधी, खोडाच्या पोटात. किती फण्या यायच्या हे तेथेच ठरते. जूनमध्ये लावलेल्या बागेत ही वेळ नेमकी थंडीत येते. शिवाय घडाचा दांडा थंडीमुळे लांबत नाही, म्हणून घड घशात अडकतो. म्हणजे डिसेंबरच्या रात्री झालेले नुकसान मार्चमध्ये दिसते आणि तेव्हा कोणताही उपाय चालत नाही. थंडीची राखण थंडीच्या आधी सुरू करावी लागते, ती यासाठी.

आधी करावयाची कामे

पहिले काम वाऱ्याचे. बागेच्या चारही बाजूंना, विशेषतः उत्तरेला, शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी हव्यात. हे कुंपण लागणीबरोबरच पावसाळ्यात लावले तर थंडीपर्यंत उंच होते. हेच पुढे मे महिन्यात पश्चिमेची झळ अडवते, त्यामुळे एका खर्चात दोन कामे होतात. ज्यांचे राहून गेले त्यांनी निदान जुन्या साड्या किंवा हिरवी जाळी उत्तरेच्या बांधावर बांधावी.

दुसरे काम जमिनीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडांना मातीची भर द्यावी आणि झाडामागे 250 ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळावी. बुंध्याभोवती वाळलेली पाने, पाचट किंवा भुश्शाचे आच्छादन घालावे. त्यामुळे मुळांजवळची ऊब टिकते.

तिसरे काम खताचे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस झाडामागे नत्र 200, स्फुरद 40 आणि पालाश 200 ग्रॅम अशी आहे. यातले हप्ते थंडी पडण्याआधी वेळापत्रकाप्रमाणे पोचलेले असावेत. पालाश मागे ठेवू नये. कडाक्याच्या थंडीत मात्र नत्राचा मोठा हप्ता देऊ नये. माझी चूक तुम्ही करू नका.

चौथे, हिरवी पाने कापू नयेत. थंडीत नवे पान येण्यास फार दिवस लागतात, म्हणून आहे ते प्रत्येक पान मोलाचे. घड निसवताना झाडावर निदान आठ चांगली पाने असावीत. दवामुळे याच दिवसांत करपा वाढतो. पानाचा करपलेला तेवढाच भाग कापून बागेबाहेर न्यावा आणि जवळच्या कृषी सहायकाला विचारून योग्य बुरशीनाशक फवारावे.

कांदेबागेची रोपे या दिवसांत लहान असतात. उतिसंवर्धित रोपांवर पातळ कापडाचे क्रॉप कव्हर घालणारे शेतकरी आता खूप दिसतात. खर्च होतो, पण कोवळे रोप जगते.

रात्रीची राखण

आबांच्या विहिरीवर पहाटे अंघोळीला गेलो तर पाण्यातून वाफा निघत होत्या. हा अनुभव सर्वांचाच आहे. जमिनीखालचे पाणी थंडीतही कोमट असते. हीच बागेची फुकटची ऊब. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी रात्री उशिरा किंवा पहाटे सोडले तर गार पडलेल्या मातीला ऊब मिळते. शेततळ्यात साठलेले पाणी मात्र रात्री गार झालेले असते, ते या कामी येत नाही. ओली माती दिवसाचे ऊनही कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते, तेव्हा बाग कोरडी पडू देऊ नये. मात्र पाणी तुंबेल इतकेही देऊ नये. ठिबक असेल तर थोडा थोडा वेळ चालवावे. रात्रपाळीच्या विजेला आपण एरवी शिव्या देतो, पण या दिवसांत तिचा उपयोग होतो. बागेत जाताना एकट्याने जाऊ नये. पायात बूट आणि हातात बॅटरी असावी.

शेकोट्यांचा धूर करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वारा पडलेला असेल तर धूर बागेवर पसरून थोडाफार उपयोग होतो. वारा असेल तर धूर शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि नुसता पालापाचोळा जळतो. म्हणून धुरावर विसंबू नये आणि टायर-प्लास्टिक तर कधीच जाळू नये.

निसवलेला घड लगेच छिद्रांच्या 100 बाय 75 सेंटिमीटरच्या पांढऱ्या पिशवीने झाकावा, खालचे तोंड उघडे ठेवावे. 13 अंशांखाली सालीच्या आत तपकिरी रेघा पडतात आणि पिकल्यावर केळी मळकट दिसते. पिशवीने हा धोका बराच कमी होतो.

पुढच्या लागणीला जागा निवडताना एक लक्षात ठेवा. गार हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि नाल्याकाठच्या खोलगट भागात साचते. ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बरच्या बाजूला केळी डोंगरउतारावर ऊन लागेल अशा बाजूला लावत आले आहेत, ते याच कारणाने. आपल्याकडेही मृगबाग खोलगटात न लावता जरा उंच शेतात लावावी.

चरका बसलाच तर

घाई करू नये. पिवळी पाने लगेच छाटू नयेत. फेब्रुवारीत ऊन तापू लागेपर्यंत थांबावे, मग नत्र हप्त्या-हप्त्याने द्यावे.

हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमानाचा धोका धरलेला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग तीन दिवस किमान तापमान 8 अंश किंवा त्याखाली राहिले तर भरपाई, असा निकष ठेवला गेला आहे. हे तापमान मंडळातल्या हवामान केंद्राचे धरतात, आपल्या बागेतले नव्हे. अटी आणि मुदत दरवर्षी कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात. मुदत थंडीच्या आधीच संपते, हे विसरू नये.

तरीही बागेत एक तापमापक टांगाच. पुढच्या वर्षी आबांनी छातीएवढ्या उंचीवर, सावलीत तो टांगला. त्यांची सून रोज सकाळी पारा पाहून मुलांच्या जुन्या वहीत आकडा लिहू लागली. शेवरी पावसाळ्यातच लावून झाली होती, पेंड दिवाळीआधी पडली. पारा उतरू लागला की घरात ठरायचे, आज पहाटे पाणी सोडायचे. मार्चमध्ये घड निसवले तेव्हा आजींनी मला मुद्दाम निरोप पाठवला. बागेत घड सरळ लोंबत होते. सगळेच पहिल्या प्रतीचे नव्हते, पण घशात अडकलेला घड शोधावा लागत होता.

मी ती वही मागितली. त्यावरून पुढची कित्येक वर्षे मी गावोगाव सांगत आलो. यंदा तुमच्या घरीही अशी एक वही सुरू व्हावी, एवढेच सांगणे.