दंडातून दंडाकडे खो!

ए, एक काम कर. आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावर गोल, खडबडीत वण आहे का बघ. बहुतेक सापडेलच! विचारलंस तर आजी म्हणेल, "देवी टोचल्या होत्या लहानपणी."

देवी म्हणजे भयंकर रोग! ताप, अंगभर फोड. दहा जणांना झाला, तर साधारण तिघं दगावायचे. हे सगळं एका विषाणूमुळे! त्याची भावकी केवढी मोठी, माहितीये? उंटाला देवी येते, शेळीला येते, कोंबडीलासुद्धा! कांजिण्या मात्र या भावकीतल्या नाहीत हं. फोड येतात खरे, पण तो विषाणू अगदी वेगळ्या कुळातला!

इंग्लंडमध्ये गाईंच्या सडांवर फोड यायचे. धार काढणाऱ्या मुलींच्या हातांवरही ते उठायचे आणि बरे व्हायचे. पुढे त्या मुलींना देवी येतच नसे! मग १७९६ मध्ये डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी असल्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्सला टोचला. नंतर चक्क खऱ्या देवीचा द्रव टोचला. जेम्स ठणठणीत! गाईच्या विषाणूशी एकदा झटापट झाली, की शरीर त्याच्या दांडगट भावालाही ओळखतं.

झाली लस तयार! पण दूरदेशी न्यायची कशी? फ्रीज नाही, विमान नाही. वाटेतच ती खराब व्हायची. मग काय केलं असेल? ओळख बघू!

मुलांच्या दंडातून नेली! एकाला टोचायची. आठवडाभरात फोड भरला, की त्यातला द्रव दुसऱ्याला. दुसऱ्याचा तिसऱ्याला. अगदी खो-खो! आपल्याला खो मिळाला, की पुढच्याला द्यायचा. मध्येच साखळी तुटली, तर लस संपली!

१८०३ मध्ये स्पेनहून अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर अशी २२ अनाथ मुलं होती. काही तर जेमतेम तीन वर्षांची! एका वेळी दोघांना टोचायचे. एकाचा फोड वाया गेला, तरी दुसरा हाताशी. युक्ती भारी होती, पण एवढ्याशा पोरांवर केवढं ओझं! मला ते काही आवडलेलं नाही.

आणि आपल्या मुंबईत? १४ जून १८०२ या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचली. ही लस बसऱ्याकडून समुद्रमार्गे आली होती. भारतात ही लस घेणारी पहिली व्यक्ती म्हणजे ही चिमुरडी! मुंबईतून मग खो गेला पुण्याला, सुरतेला, हैदराबादला, मद्रासला.

१९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, देवीचा रोग जगातून गेला!

भावकी मात्र आहे बरं का अजून. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या गाईबैलांना लंपी झाला, अंगभर गाठीच गाठी! तोही याच भावकीतला. मग त्यांना कुठली लस टोचली, सांग? शेळ्यांच्या देवीची! गाईच्या मदतीला चक्क शेळी धावली!